वीस फुटांवरचा तक्ता

६ नोव्हेंबर

चि. टकमक,

अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, हसू नकोस. ओळीखाली पट्टी धरून लिहितो. पट्टी घसरली की ओळही घसरते. समोरचं सगळं धुकं आणि कडेकडेचं तेवढं दिसतं, म्हणून कागदाकडे मान तिरकी करून बघावं लागतं, कोंबडा दाण्याकडे बघतो तसं. तुझी आई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही सांगा, मी लिहिते." मी नको म्हटलं.

तुझे बाबा जाऊन आज नऊ दिवस झाले. आईनं फोन केला तेव्हा तू नुसतं 'बरं' म्हणालीस. त्या एका शब्दापाशी ती अजून बसून आहे.

महिनाअखेरच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये गाव जमणार आहे, त्याच्या आठवणीसाठी. बोलायचं मला सांगितलंय. हेडबाई स्वतः घरी आल्या होत्या. "थोरले तुम्ही, तुम्हीच बोला. फक्त कविता म्हणू नका हो, लोकांना घरी जायचं असतं." आईचं म्हणणं एवढंच की त्या दिवशी तू पहिल्या रांगेत तिच्या शेजारी असावंस. सात वर्षांत तू या गावात पाऊल टाकलेलं नाहीस.

हे लिहिलं आणि हात थबकला. पाऊल हा शब्द तुला लिहू नये, एवढी अक्कल मला असायला हवी. पण खोडत नाही.

काय बोलू सांग त्याच्याबद्दल? चष्म्याच्या दुकानामुळे गाव त्याला भिंगकाका म्हणायचं. समोरचा माणूस बोलत असतानाच हा त्याच्या नाकावरचा चष्मा उतरवून घ्यायचा, सदऱ्याच्या टोकानं पुसायचा आणि परत चढवायचा, विचारणं नाही काही नाही. पोस्टमनचा भर रस्त्यात पुसलाय. फौजदाराचाही. माणसांचे चेहरे विसरेल पण काड्या विसरणार नाही. "तो नाही का रे दादा, डावी काडी दोऱ्यानं बांधलेला?" जेवायला चौघं जमल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, आणि माझी बस उशिरा आली की तुम्ही तिघं उपाशी, म्हणून तू माझ्यावर रुसायचीस. तुला शाळेत सोडायला निघाला की उलटा चालायचा, तोंड तुझ्याकडे, पाठ रस्त्याकडे. सुतार एकदा ओरडला, "भिंगकाका, मागे खड्डा आहे!" हा म्हणाला, "पोरीचं तोंड बघून कळतंय मला."

आणि त्या तारखा! बल्ब लावला की त्याच्या बुडाशी तारीख. साबणाच्या वडीच्या वेष्टनावर तारीख. माझ्या दात घासायच्या ब्रशवरसुद्धा 'लावला' आणि पुढे तारीख. तुझी आई म्हणायची, "लग्नात माझ्या पाठीवर लिहिली नाहीत हे नशीब."

तू ये. दुसरं काही मागत नाही.

तुझे मोठे काका

१३ नोव्हेंबर

चि. टकमक,

तुझी चिठ्ठी आली. चारच ओळी. आईनंच वाचून दाखवली.

'काका, तुम्ही खुशाल बोला, मी येणार नाही. ज्या माणसानं तपासणी न करता तुमच्या नजरेच्या दाखल्यावर सही केली, त्याच्याबद्दल मला काही ऐकायचं नाही. त्यानं तुम्हालाही फसवलं. स्वतःला सांभाळा.'

चिठ्ठी घडी करून आईनं माझ्या खिशात ठेवली. म्हणाली, "तुमच्यावर जीव आहे तिचा. तेवढा तरी आहे."

हो, आहे. सात वर्षं तू बापाशी बोलली नाहीस, पण दर महिन्याला मला फोन केलास. डोळ्यांची चौकशी केलीस, थेंब घातलेत का विचारलंस. मी खुशाल तो फोन घ्यायचो. तो पलीकडच्या खोलीत बसून ऐकायचा. फोन ठेवला की विचारायचा, "खोकत नव्हती ना?" मी नाही म्हणायचो. बस, एवढ्यावर त्याचा महिना जायचा.

मला त्या बसचे दिवस आठवतात. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं शिक्षण एकालाच परवडणार होतं, आणि तो हुशार होता. पण शाळेच्या बसचा ड्रायव्हर झालो आणि माझी शाळा पुन्हा सुरू झाली. दुपारी बस खिडक्यांखाली लावायचो आणि आतून कविता ऐकू यायच्या. पाचवीची नदीची, सातवीची चाफ्याची, आठवीची ती कडक वृत्तातली, जिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. अर्थ न लागता कविता आधी पाठ होते, हा माझा अनुभव. परतीच्या वाटेवर सगळी बस कोरसमध्ये म्हणायची, मी गिअरवर ताल धरायचो. तू तेव्हा नुकतीच बाई म्हणून लागली होतीस शाळेत. आधी मागे पोरांच्यात बसायचीस. ऑगस्टअखेरीपासून पुढे येऊन बसायला लागलीस, डावीकडच्या सीटवर, आणि मला किती बरं वाटलं! सोबत झाली.

जानेवारीत ते झालं. लाकडाच्या वखारीजवळचं वळण, उतरतं ऊन थेट काचेवर, आणि कडेला उभी असलेली ओंडक्यांची ट्रॉली. चौकशी समितीला मी सांगितलं की डोळ्यावर ऊन आलं.

पोरं खरचटण्यावर वाचली. ओंडका तुझ्या बाजूनं आत आला.

पुढचं मला लिहिवत नाही. उद्या परवा लिहीन. तू येण्याचा विचार मात्र सोडू नकोस.

मोठे काका

१७ नोव्हेंबर

टकमक,

आज दार लावून बसलो आहे. आईला सांगितलं, भाषण लिहितोय.

समितीपुढे तुझे बाबा म्हणाले, "मी तपासणी केलीच नाही. भाऊ आहे म्हणून डोळे मिटून सही केली. त्याला कल्पना नव्हती, माझी चूक." त्याच दिवशी त्याचा दाखले देण्याचा अधिकार गेला. तू दवाखान्यात पडल्यापडल्या ते ऐकलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी दाराशी उभा होतो. सगळे माझ्याकडे बघून 'बिचारे' म्हणत होते.

तो खोटं बोलला. त्यानं तपासणी केली होती. एकवीस ऑगस्टला, दुकानात, दुपारी.

ड्रायव्हरला दर वर्षी नजरेचा दाखला लागायचा, तसाच त्या वर्षीही. त्यानं मला खुर्चीत बसवलं. समोर वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता. वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेली. मी धडाधड वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानं सही केली. मला दिसत होतं, असं मला वाटलं.

वरची ओळ मी खोडली आहे. तुला ती तरीही वाचता येईल, येऊ दे.

मला दिसत नव्हतं. वरच्या मोठ्या अक्षराच्या जागी काळा ढग होता आणि खाली मुंग्या. पण तीस वर्षं मी त्या दुकानातल्या बाकावर बसलो होतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तोच तक्ता वाचायचं. ग. त प. र म च. न ल ख ट. कानावर पडून पडून त्याला चाल लागली होती. मी तो बसमध्ये पोरांनाही शिकवला होता, गंमत म्हणून. पन्नास पोरं एका सुरात, "न ल ख ट, व द स य!" नदीच्या कवितेपेक्षा जास्त आवडायचा त्यांना.

तर मी त्याच्यासमोर बसून कविता म्हटली. अडखळायचं कुठे हेही ठरवून ठेवलं होतं, संशय नको म्हणून. शेवटून दुसऱ्या ओळीला जरा थांबलो, डोळे बारीक केले.

तो खुर्चीपाशी आला. मग म्हणाला, "पुन्हा म्हण बरं."

मी पुन्हा म्हटलं.

त्यानं माझा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुसतच राहिला. परत चढवला आणि म्हणाला, "छान म्हणतोस, दादा."

मी हसलो सुद्धा. कागदावर सही झाली. बाहेर पडताना मी म्हणालो होतो, "आठ महिने राहिलेत रे निवृत्तीला. एवढी पोरं दहावीपर्यंत पोचवतो आणि सुटतो. बस गेली तर मी दिवसभर करू काय? मला दुसरा वर्ग नाही."

आणि आणखी एक. वळणावर तू ओरडली होतीस. "काका, डावीकडे ट्रॉली!" दोनदा ओरडलीस. मी "बघितली, बघितली" म्हणालो. मला काही दिसलेलं नव्हतं. उन्हाचा काही संबंध नाही.

सात वर्षं तू ज्याच्यावर रागावलीस तो तुझा बाप नव्हे, मी आहे. मी त्याला फसवलं. त्यानं ते समितीपुढे स्वतःवर घेतलं, कारण दादा खोटं बोलला असं त्याच्या तोंडून निघालं नसतं. मला तेव्हाच उभं राहून बोलता आलं असतं. तुझे फोन बंद होतील, या भीतीनं नाही बोललो.

आता बंद कर. पण त्याच्यासाठी ये. मी हॉलच्या मागच्या दारानं निघून जाईन, तुझ्यासमोर येणार नाही.

काका

२१ नोव्हेंबर

टकमक,

माझं आधीचं पत्र तुला मिळालं असेल, किंवा उद्या मिळेल. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मला ते लिहिताना ठाऊक नव्हतं. हे पत्र लिहावं की नाही, यात कालचा अख्खा दिवस गेला.

परवा हेडबाईंचा निरोप आला: भिंगकाकांच्या दुकानातलं काहीतरी हॉलमध्ये ठेवायला द्या. आई म्हणाली, "तो तक्ता द्या ना. सात वर्षं मला हात लावू दिला नाही त्याला, धूळसुद्धा पुसू द्यायचे नाहीत." मी खाली दुकानात गेलो. त्याचं मोठं भिंग टेबलावर होतं, ते घेतलं आणि तक्त्यापाशी गेलो.

तीस वर्षं त्या तक्त्याशी माझा संबंध, पण त्याच्याजवळ मी कधी गेलो नव्हतो. मी कायम वीस फुटांवर. परवा पहिल्यांदा नाक टेकेल एवढ्या अंतरावर उभा राहिलो, भिंग धरलं आणि मान तिरकी करून वरचं अक्षर बघितलं.

ते 'ग' नव्हतं.

मला वाटलं, डोळेच ते, चुकले असतील. खालची ओळ बघितली. 'त प' नाही. त्याखालची. सगळा तक्ता वेगळा, टकमक. एक ओळ माझी नाही.

म्हटलं, अपघातानंतर बदलला असेल. साहजिक आहे. आणि मग आठवलं कुणाचं दुकान आहे ते. भिंग खालच्या कोपऱ्यात नेलं. त्याच्या बारीक, सरळ अक्षरात: लावला, ९ जुलै. पुढे साल. अपघाताआधीचा जुलै. माझ्या तपासणीच्या सहा आठवडे आधी.

आई वरून हाक मारत होती. ती खाली आली तेव्हा मी तिला नुसतं विचारलं, "हा तक्ता त्यानं का बदलला होता?"

"तुमच्यामुळेच की," ती म्हणाली. "शाळेतली पोरं तपासणीला आली आणि एकजात सगळी घडाघडा म्हणून मोकळी. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून रडणारी ती पाचवीतली मुलगीसुद्धा! तेव्हा केवढे हसले होते हे. म्हणाले, दादानं अख्ख्या बसला आंधळं करून ठेवलंय. पण तुम्हाला सांगू नको म्हणाले, वाईट वाटेल तुम्हाला. गपचूप नवा मागवून लावला."

तर असं आहे. एकवीस ऑगस्टला मी त्याच्यासमोर बसून भिंतीवर नसलेला तक्ता वाचला. पहिल्याच अक्षराला त्याला कळलं. म्हणून तो म्हणाला, पुन्हा म्हण. म्हणून तो म्हणाला, छान म्हणतोस. आणि सगळं कळून त्यानं सही केली.

मी फसवलं असं मला वाटत होतं. मी फसवूच शकलो नव्हतो.

इथपर्यंत लिहून पट्टी खाली ठेवली होती. पण पुढचं लिहिलं नाही तर मी पुन्हा तोच माणूस. तू ऑगस्टअखेरीला पुढच्या सीटवर आलीस. मी तुला विचारलं होतं, आज इकडे कशी? तू म्हणाली होतीस, "बाबांनी सांगितलंय. काकांच्या शेजारी बसत जा, पुढे टकमक बघत जा, तुला फार हौस आहे ना बघायची." आपण दोघंही हसलो होतो.

त्याला आपल्या माणसांत सगळ्यात तीक्ष्ण नजर कुणाची हे माहीत होतं. त्यानं ती माझ्या शेजारी बसवली. मला बसवरून उतरवण्याचं त्याला धाडस झालं नाही, म्हणून आठ महिन्यांसाठी त्यानं मला डोळे दिले, स्वतःच्या पोरीचे. ओंडका त्याच सीटवर आला.

तेव्हा समितीपुढे तो जे म्हणाला, त्यातलं 'माझी चूक' एवढं खरंच होतं. तू त्याच्यावर रागावलीस ते कारण चुकीचं होतं, पण राग चुकीचा होता असं आता माझ्यानं म्हणवत नाही. त्याला वाचवायला मी पत्रं लिहायला घेतली आणि हे हाती लागलं.

आईला तारखेचं बोललेलो नाही. हॉलमध्ये फक्त माझं सांगणार आहे. हे तुझं आहे. याचं काय करायचं ते तू ठरव.

काका

२ डिसेंबर

टकमक,

तू येशील असं वाटलं नव्हतं.

मी बोलायला उभा राहिलो तेव्हा पहिल्या रांगेत आईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, एवढं मला कडेनं दिसलं. कागद हातात होता, पण वाचता येणार नव्हताच. तोंडानं सांगितलं सगळं. तपासणी झाली होती, मी पाठ म्हटलं, ट्रॉली दिसली नव्हती, ऊन वगैरे थाप होती. कुणीतरी खुर्ची सरकवून उठलं आणि निघून गेलं, बहुधा वखारवाला. हेडबाई पुटपुटल्या, "अहो, आज कशाला..." आणि मागच्या दाराकडून काठीचा आवाज आला. एक पाय, एक काठी, एक तो दुसरा, बसवलेला पाय. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला.

तू आईच्या शेजारी बसलीस. माझ्याकडे बघितलंस की नाही, मला कळायला मार्ग नाही.

काल सकाळी तू मला दुकानात बोलावलंस. "खुर्चीत बसा," म्हणालीस. 'काका' म्हणाली नाहीस. मी बसलो. तू तक्त्याजवळ जाऊन वाकलीस, कोपऱ्यातली तारीख बघितलीस. मग काठीचं टोक वरच्या अक्षरावर ठेवल्याचा आवाज आला.

"वाचा."

"दिसत नाही," मी म्हणालो.

खरं सांगतो, हे दोन शब्द मी जन्मात पहिल्यांदा त्या खुर्चीत उच्चारले.

"पुढची ओळ."

"दिसत नाही."

तू एकही ओळ सोडली नाहीस. आठच्या आठ ओळी. प्रत्येक ओळीला मला तेच म्हणायला लावलंस, आणि शेवटच्या ओळीला तुझा आवाज त्याच्यासारखा झाला. म्हणालीस, "एवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी. त्यानंही आणि तुम्हीही."

मी म्हणालो, "हो."

"मला विचारायचं तरी. मी आले असते पुढे बसायला. माहीत असतं तर जास्त नीट बघितलं असतं."

तू खिळे काढलेस, तक्त्याची गुंडाळी केलीस, काखेत धरलीस. मग तुझं काहीतरी चाललं होतं भिंतीपाशी, रंगाचा वास आला. आईला काय बोललीस, ते तिनं मला सांगितलेलं नाही. दुपारच्या गाडीनं गेलीस. पुन्हा येते म्हणाली नाहीस. फोन करते असंही नाही.

आज सकाळी मी दुकानात गेलो. भिंतीजवळ गेलो नाही. भिंग घेतलं नाही. खुर्चीत बसलो, वीस फुटांवर, मान तिरकी केली. तू काळ्या रंगानं वीत वीतभर अक्षरं काढून ठेवली आहेस, आणि मी ती एक एक करून जुळवली, खूप वेळ लागला.

काढला, १ डिसेंबर.

पाठ नव्हतं. वाचलं.

काका